रिकाम्या टाकीतला आवाज

सासूबाईंचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. एका रविवारी सकाळी मी भांडी विसळत होते आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातली पाटी त्यांनी माझ्यासमोर धरली. पूर्वी शाळेत असायची तशी, लाकडी चौकटीची काळी पाटी. डॉक्टरांनी घशातल्या गाठीबरोबर त्यांचं स्वरयंत्रही काढून टाकलं होतं. श्वास आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालायचा, त्यावर सुती कापडाचा एक तुकडा बांधलेला असायचा, आणि बोलायचं ते सगळं या पाटीवर. जन्मभर शाळेत शिकवलेलं असल्यामुळे अक्षर सुरेख, काना-मात्रा जागच्या जागी.

पाटीवर होतं, "माझा आवाज तुझ्याकडे असेल ना? तू घरातलं सगळंच रेकॉर्ड करतेस."

"असणारच की, आई," मी म्हणाले. "शोधून देते."

त्यांनी मान हलवली, पदरानं पाटी पुसली आणि आत गेल्या. मी वेळ मारून नेली नव्हती. मला खरंच वाटलं होतं की असणार. आठ वर्षं मी या घरातला एकेक आवाज टिपत आले होते. हात पुसता पुसता आठवलं की टिपलेल्या आवाजांचं मी पुढे काय करते, आणि मी तिथेच स्टुलावर बसले.

माझी नोकरी टेस्टिंगची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, प्रत्येक चुकीला नंबर द्यायचा, ती काढून टाकली गेली की नाही हे तपासायचं. वीस वर्षं हेच केलं की माणसाला समोरच्या ताटातलं मीठसुद्धा आधी चूक म्हणून दिसतं. उरलेल्या वेळात, पुण्यात धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या अडचणीत टेबल टाकून मी लॅपटॉपवर संगीत बनवते. त्याला संगीत म्हणायचं की नाही यावर घरात एकमत नाही. नवरा ‘बरं आहे’ म्हणतो, पण तो सगळ्यालाच बरं आहे म्हणतो. मी वाद्यं वापरत नाही. कढईच्या काठावरून ओला लाकडी चमचा दाबून फिरवला की कढई कण्हते. स्कूटर बंद केल्यावर तापलेला सायलेन्सर निवताना टिकटिकतो. शेव पाडताना पितळी सोऱ्याचा आटा कुरकुरतो. सोसायटीत टँकर आला की पाणी येण्याआधी पाइप हवा ओकतो. हे सगळं एका छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचं, मग लॅपटॉपवर ते संथ करायचं, उलटं करायचं, तुकडे करून एकावर एक रचायचं. तयार झालं की टोपणनावानं इंटरनेटवर टाकायचं. ऐकणारी माणसं मोजकीच. पण आठवड्यातले पाच दिवस दुसऱ्यांच्या चुका मोजल्यावर मला स्वतःचं असं एवढंच काहीतरी होतं.

सासूबाईंनी माझी पहिली रचना ऐकली तेव्हा विचारलं होतं, "मिक्सर बिघडलाय का गं? दुरुस्तीला टाक." पण पुढच्या रविवारी त्याच सोऱ्या घेऊन बेडरूममध्ये आल्या. म्हणाल्या, हा जास्त कुरकुरतो, याला मी मुद्दाम तेल घातलेलं नाही.

त्यांचा आवाज कसा होता हे सांगायचं तर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला एक प्रसंग सांगते. मला पिझोच्या चकत्या हव्या होत्या. पितळेची पातळ टिकली असते, दोन वायरी जोडलेली, बझरमध्ये वापरतात. तीच उलटी वापरली की माईक होतो, आणि एखाद्या वस्तूला चिकटवली की त्या वस्तूच्या आतलं ऐकू येतं. गॅसच्या सिलिंडरच्या आतलं, फ्रिजच्या, गॅलरीच्या ग्रिलच्या. सासूबाईंना दगडूशेठला दर्शनाला जायचं होतं, म्हणून बरोबर आल्या होत्या. दुकानदारानं चकत्या काढायच्या आधी विचारलं, बझर बनवायचाय का. मी म्हटलं, नाही, ऐकायचंय. तो म्हणाला, बाई, यातून आवाज बाहेर येतो, आत जात नाही. मी समजावू लागले तर त्यानं भिंतीवरच्या ‘माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"अहो," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, वरच्या पट्टीतही गेल्या नाहीत. "आपण फक्त द्या. शिकवायचं काम मी करून निवृत्त झालेय."

सोल्डरिंग करत बसलेल्या माणसानंही मान वर केली. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो, आणि त्याला कधी माईक लागला नव्हता. चकत्या निमूट पुडीत बांधून मिळाल्या.

त्या मूळच्या वऱ्हाडातल्या. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि इथल्या शाळेत लागल्या, तेव्हा पहिल्याच पालकसभेत त्यांच्या ‘मुलं अभ्यास करून राहिली’वर कुणीतरी हसलं. त्यानंतर वर्षभरात त्यांनी आपली बोली घासूनपुसून अशी चकचकीत केली की सदाशिव पेठेतल्या बायका त्यांना व्याकरण विचारायला येऊ लागल्या. घरातही त्या प्रमाण मराठीच बोलायच्या. फक्त पायाला ठेच लागली किंवा अचानक जीव घाबरला की माहेर तोंडातून बाहेर पडायचं.

आता माझी पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच अडलं होतं. आवाज टिपताना माझा एक नियम आहे. आधी दहा सेकंद शांतता. मी तळहात वर करते, आणि घरात जो असेल त्यानं गप्प बसायचं. मग आवाज. मग तो पूर्ण विरल्यावर पुन्हा दहा सेकंद शांतता, म्हणजे शेपूट तुटत नाही. सासूबाई माझ्या मदतनीस झाल्या होत्या. झाकण धरायला, पळी मारायला, सोऱ्या फिरवायला. हात भक्कम होते आणि ताल पक्का. पण शेवटचे दहा सेकंद त्यांना कधीही, एकदाही पाळता आले नाहीत. सातव्या-आठव्या सेकंदाला विचारायच्याच, "झालं का?"

उत्तर द्यावं तर तेही रेकॉर्ड होणार. म्हणून मी डोळे वटारायचे. त्या ओठावर बोट ठेवायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायच्या. मग मी लॅपटॉपवर त्यांचं ‘झालं का’ कापून टाकायचे. ते शोधायला मला ऐकावंही लागायचं नाही. पडद्यावर आवाजाची जी आकृती दिसते तिच्यात बोलण्याचा आकार वेगळाच असतो. भांड्याचा आवाज उंच उठतो आणि उतरत जातो. बोलणं म्हणजे लहानमोठे गठ्ठे आणि मध्ये फटी. नजरेनं दिसायचं, खूण करायची, डिलीट. आणि महिनाअखेर डिस्क भरू नये म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकायचं, फक्त स्वच्छ केलेलं ठेवायचं. या शिस्तीचा मला अभिमान होता. ऑफिसातही माझी हीच ख्याती आहे की मी मागे काही शिल्लक ठेवत नाही.

म्हणजे मी सासूबाईंना आठ वर्षं रेकॉर्ड केलं होतं, आणि आठ वर्षं काढून टाकलं होतं.

तरीही शोधायला लागले. कुठंतरी चुकून काहीतरी राहिलं असेल अशी आशा होती. ऑफिसला तीन दिवस जावं लागतं आणि धायरीहून जायला-यायला अर्धा दिवस मोडतो. कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून मी एकेक फाइल शेवटाकडून ऐकायचे. सिंहगड रोडवर बस हलत नसली की दहा-बारा फायली व्हायच्या. घरी आल्यावर सासूबाईंच्या गळ्याच्या छिद्रातली नळी साफ करायची, कापड बदलायचं, त्यांचं जेवण मऊ करून द्यायचं, मग आपलं. नवरा आपल्या परीनं करायचा, पण नळीला हात लावला की त्याला घेरी यायची. मी दमले होते. रडण्याइतकीही ताकद नव्हती, इतकी दमले होते. आणि त्या दमलेपणात दर फाइलीला तेच ऐकू यायचं : कढईचा आवाज, तो विरतो, शांतता, बांगड्यांची किणकिण, मग एक श्वास. बोलायच्या आधी माणूस तोंडानं घेतो तो श्वास. आणि फाइल संपते. मी इतकं अचूक कापलं होतं की श्वास तेवढा राहिला होता, शब्द गेला होता. असे श्वास मला कितीतरी सापडले.

तुम्ही म्हणाल, आजकाल आवाज मिळायला काय अडचण आहे, सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. आमच्याही फोनमध्ये पाहिलं. सासूबाई कॅमेऱ्यासमोर फोटोला बसल्यासारख्या बसायच्या. व्हिडिओत त्या कुठेही तोंड उघडत नाहीत. एका वाढदिवसाला सगळे मिळून गातायत, त्यात त्यांचे ओठ हलताना दिसतात, आवाज पंधरा जणांचा. शाळेतल्या निरोप समारंभाचं चित्रीकरण मिळवलं तर कुणीतरी त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई घातलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवणं त्यांना मान्यच नव्हतं. ज्याला काही सांगायचंय त्यानं सरळ फोन करावा, असं मत होतं.

त्यांच्या आवाजाची जी रेकॉर्डिंग्ज होती ती शेवटच्या वर्षातली. डॉक्टरांना पाठवायला नवऱ्यानं घेतलेली, घोगरी, फाटलेली. ती मी त्यांना ऐकवली. त्यांनी हातानंच बंद कर म्हणून खूण केली आणि पाटीवर लिहिलं, "ही मी नव्हे. हा आजार."

मग पाटी पुसून आणखी लिहिलं. पेन्सिल करकरत होती. एरवी तो आवाज मी लगेच टिपला असता. "मी मनात बोलते तेव्हा हल्ली हाच घोगरा ऐकू येतो. पहिला आठवेनासा झालाय. तो एकदा ऐकला की मनातला बदलेल, असं वाटतं."

त्यांना आवाज का हवा होता ते तेव्हा मला कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं आठवण म्हणून हवा असेल, नातवंडांसाठी वगैरे.

घोगऱ्या फायलींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती सांगायला अजूनही जड जातं. कुकरची शिट्टी अर्धा सूर उतरली तर मला स्वयंपाकघरात न जाता कळतं. लिफ्टची मोटर बिघडणार हे मी सोसायटीला महिनाभर आधी सांगितलं होतं. आणि शेजारच्या खोलीत एका बाईचा आवाज वर्षभर बसत चालला होता, तर मी हळद घालून दूध देत होते आणि ‘झालं का’ कापत होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्रही आणलं होतं. ओठ हलवायचे, यंत्र गुणगुणतं, आणि त्या गुणगुणीतून शब्द निघतात, सगळे एकाच सुरात. सासूबाईंनी दोन दिवस वापरलं. मग कपाटात ठेवून दिलं आणि पाटीवर लिहिलं, "तुझ्या लॅपटॉपमधून आल्यासारखं वाटतं. घरात असं एक पुरे."

दीड महिना शोधून झाल्यावर एका शनिवारी दुपारी मी हात टेकले. जेवणं झाली होती. त्या पलंगावर पेपर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं की आई, नाहीये. मीच कापलंय सगळं. दर वेळी कापलं.

त्यांनी पेपरची घडी केली. मग पाटी घेतली.

"बरोबरच केलंस. गाण्यात मध्येच कोण बोलतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं, "जाऊ दे. म्हैस लाव."

म्हैस म्हणजे माझी एक जुनी रचना, अगदी पहिल्या वर्षातली. तिच्यात एक खोल, लांबलचक हंबरल्यासारखा सूर आहे आणि वर झाकणांची टिकटिक. सोसायटीची गच्चीवरची पाण्याची टाकी धुण्यासाठी रिकामी केली होती, तेव्हा तिच्यात दोरीनं रेकॉर्डर सोडून मी तो आवाज मिळवला होता. फाइलचं नाव ‘टाकी-रिकामी’. इंटरनेटवर एका अनोळखी माणसानं हा सूर कशाचा म्हणून विचारलं होतं, आणि मी मोठ्या ऐटीत कळवलं होतं की रिकामी टाकी स्वतःशीच अशी घुमते. सासूबाईंनी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तिला म्हैस म्हटलं. पाहुणे आले की म्हणायच्या, आमच्या सुनेनं फ्लॅटमध्ये म्हैस पाळलीय, दूध तेवढं कात्रज डेअरीचं आणावं लागतं.

मी लावली. त्यांनी थोडं ऐकून पाटी वर केली, "टिकटिक नको. नुसती म्हैस."

नुसता तो सूर ऐकवायचा तर जुनी कामाची फाइल उघडावी लागणार होती, ज्यात प्रत्येक थर वेगळा असतो. पहिल्या वर्षाची डिस्क कपाटात सर्वात खाली होती. शोधताना मी तिथं पाहिलंही नव्हतं, कारण त्या डिस्कवर धड आवाजच नव्हते, नुसत्या तयार रचना आणि त्यांचे थर होते. ती मी पलंगावर आणली, लॅपटॉप मांडीवर घेतला, फाइल उघडली आणि बाकीचे थर बंद केले. म्हैस हंबरू लागली. सासूबाई टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या.

मी पडद्याकडे बघत होते. नुसत्या सवयीनं. आणि दिसलं. लहानमोठे गठ्ठे, मध्ये फटी.

टाकी स्वतःशी घुमली तर अशी घुमणार नाही. ती एकसारखी घुमेल. हा आकार मी पुढे वर्षानुवर्षं रोज पाहून पुसत आले होते. पहिल्या वर्षी मला तो ओळखू येत नव्हता, काय कापायचं हेही कळत नव्हतं. तेव्हा माझी एकच युक्ती होती : जे मिळेल ते आठपट संथ करायचं. आठपट संथ म्हणजे तीन सप्तकं खाली. मूळ आवाज मी पुसला होता, पण नुसत्या संथ केलेल्या आवाजातून काही हरवत नाही. वेग पुन्हा वाढवला की तो होता तसा वर येतो.

मी दुप्पट केला. म्हैस घाईत हंबरली. सासूबाईंनी डोळे उघडले. पुन्हा दुप्पट केला, तर कुणी जाडजूड पुरुष झोपेत बरळावा तसं काहीतरी झालं. त्यांना आधीच काही सांगावं का, असं वाटलं. पण काय सांगणार? मी तिसऱ्यांदा दुप्पट केला आणि बटण दाबलं.

"अगं माय वं, पडशीन ना! झालं का तुयं? हात भरून आले माये!"

टाकीनं प्रत्येक शब्द घुमवून परत दिला होता. तरी आवाज तोच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या खोलीत तो आला आणि मला क्षणभर वाटलं की त्या दारात उभ्या आहेत आणि पलंगावर दुसरंच कुणीतरी बसलंय.

सासूबाईंनी बोट फिरवलं. पुन्हा. मी लावलं. पुन्हा बोट फिरवलं. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी पाटी घेतली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

"म्हैस वऱ्हाडी निघाली."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. त्याही हसत होत्या. हसल्या की आता आवाज येत नाही, फक्त गळ्यावरचं कापड फडफडतं. मग त्यांनी पाटी पुसली आणि आणखी एक ओळ लिहून माझ्याकडे फिरवली.

"तुला मागून धरून उभी होते मी."

मी हे साफ विसरले होते. गेली आठ वर्षं त्या सकाळची मला फक्त टाकी आठवत होती, तिचं गोल तोंड, आत सोडलेली दोरी, खालचा ओला अंधार. आता बाकीचं आठवलं. मी टाकीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकले होते. पाय जमिनीवरून सुटत होते. आणि मागून कुणीतरी माझा कुडता आणि ओढणी दोन्ही मुठींत आवळून धरली होती. गच्चीवर ऊन होतं. त्यांनी सांडगे वाळत घालायला आणले होते, ते तसेच टाकून आल्या होत्या. मी वर येऊन रेकॉर्डरला लागलेलं पाणी पुसलं, त्यांना म्हणाले की आई, थोडं गप्प राहायला काय झालं होतं, आणि जिन्यानं खाली निघून आले.

ते चार-पाच सेकंद मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिले. पुढचे काही दिवस त्यांच्या खोलीतून टाकीचा घुमारा सारखा ऐकू यायचा. मग कमी झाला. मी विचारलं, मनातला बदलला का. त्यांनी हाताचा पंजा हवेत हलवला, थोडा थोडा. आणि लिहिलं, "पण आता मनात वऱ्हाडीच बोलते."

मी या सगळ्यात रेकॉर्डर ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. काही टिपावंसं वाटत नव्हतं. पुढच्या रविवारी मी अंथरुणावर नुसती पडले होते, उठायचा कंटाळा आला होता, तर सासूबाई पितळी झाकण आणि पळी घेऊन आल्या. माझ्या पायाला पळी टोचली. मी म्हटलं, आई, नको आज. त्यांनी पुन्हा टोचली. पाटी बरोबर आणली नव्हती, म्हणजे वाद घालायची सोयच ठेवली नव्हती.

उठले. रेकॉर्डर काढला, सेल बदलले. तळहात वर केला आणि दहा सेकंद मोजले. त्यांनी डाव्या हातात झाकण लोंबतं धरलं आणि पळीनं काठावर एकदाच मारलं. आवाज उठला, थरथरत राहिला, हळूहळू बारीक होत गेला. मी शेवटचे दहा मोजू लागले. खोलीत कापडातून येणारा त्यांचा श्वास तेवढा होता.

सातव्या-आठव्या सेकंदाला त्यांनी भुवया उंचावल्या.

"हो, आई," मी म्हणाले. "झालं."

रेकॉर्डर चालूच होता. ते मी कापलेलं नाही.